जोत्यावरचं मत

पुष्पांजली मॅडमनी काखेतला मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा उघडला, जोत्यावर चारी बाजूंना नजर फिरवली आणि विचारलं, "भाऊ, हा उभा कुठं करायचा?"

देवानंदनंही चारी बाजूंना पाहिलं. सिमेंटचं जोतं, त्याच्या कोपऱ्यांतून वर आलेले गंजके गज, आणि गजांच्या पलीकडे सरळ रस्ता, हापशी, समोरच्या लोकांची दारं. आडोसा टेकवायला भिंत कुठंच नव्हती.

"पत्ता हाच ना?" मॅडमनी हातातला कागद पुन्हा पाहिला. "जनकाबाई सहदेव... त्यांचं घर?"

"हेच हाय. काम चालू हाय," देवानंद म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याची मान खाली गेली. काम बंद पडल्याला हा तिसरा उन्हाळा होता.

चिखलीहून आलेली ही सरकारी माणसं. मॅडम शाळेत शिकवायच्या, निवडणुकीपुरत्या अधिकारी झाल्या होत्या. सोबत एक मदतनीस, एक पोलीस, आणि कॅमेरा घेतलेला एक पोरगेलासा माणूस. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना लोकसभेचं मत घरी बसून देता येतं म्हणून ती गावोगाव फिरत होती. अमडापूरकडची दोन गावं उरकून आता या वस्तीत आली होती. इथं नाव एकच होतं, देवानंदच्या आईचं.

जनकाबाई जोत्याच्या मधोमध बाजेवर बसली होती. वर चार गजांना बांधलेलं जुनं लुगडं सावली धरून होतं. दिवसा ती इथंच असायची, कारण शेजारच्या टिनाच्या खोपट्यात चैत्राच्या उन्हात बसवत नसे. देवानंदची बायको सारिका सकाळची चूल पेटवायची तीसुद्धा दिवस वर यायच्या आत.

"खोपट्यात करूया का?" मदतनीसानं आत डोकावून पाहिलं आणि घाम पुसत लगेच बाहेर आला. "आत आजींना कागद दिसायचा नाही."

गल्लीत माणसं जमली होती. त्यांच्यातून पंचफुला पुढं आली. देवानंदच्या चुलतभावाची ती बायको.

"आमच्या घरात चला ना आत्याबाईले घेऊन," ती म्हणाली. "मातीचं हाय, पन दार हाय त्याले."

ती टोचून बोलली नव्हती. तिला टोचून बोलता येतच नसे. म्हणूनच ते देवानंदला जास्त लागलं.

"हे लोकं माह्या घरी आले ना?" जनकाबाई बाजेवरून म्हणाली. "मंग माह्याच घरी देईन मत."

मॅडमनी मान हलवली आणि आडोसा बाजेवर, तिच्या मांडीसमोर उभा केला. वारा येऊन तो आडवा पडला. मदतनीसानं उचलला. पुन्हा पडला.

देवानंद बाजूला उभा राहून पाहत होता. या जोत्याच्या जागी धाब्याचं घर होतं, त्याच्या बापानं, सहदेवनं, बांधलेलं. भिंती हातभर जाड. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळायचं, तिथं पातेलं ठेवलं की भागायचं. ते घर देवानंदनं पाडलं होतं. पाडा असं वरून कोणी येऊन सांगितलं नव्हतं. जागा एकच होती, जुनं गेल्याशिवाय नवं उभं राहणार नव्हतं. घरकुल मंजूर झालं आईच्या नावावर, आणि त्या आठवड्यातच त्यानं टिकाव आणला.

त्याच्या आधीची गोष्ट अशी की देवानंद दिल्लीत सत्तेवर असलेल्या पार्टीत गेला होता. वस्तीत हे कोणाला पटलं नव्हतं. या वस्तीचं मत पिढ्यान्‌पिढ्या दुसरीकडं जायचं आणि तिकडचा उमेदवार बहुतेक वेळा पडायचा. देवानंद म्हणायचा, किती दिवस पडणाऱ्याच्या मागं उभं राह्याचं? ज्याच्या हातात घर हाय त्याच्यापाशी जाऊन घर मांगू. पार्टीच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यानं, चंद्रशेखरभाऊंनी, त्याच्या खांद्यावर हात टाकला, चिखलीच्या कार्यालयात पुढच्या खुर्चीवर बसवलं, बूथप्रमुख केलं. दिल्लीतली भाषणं तो मोबाइलवर ऐकायचा. गरिबाच्या डोक्यावर छप्पर, स्वतःच्या नावाचं, पक्कं. ऐकताना त्याच्या अंगावर काटा यायचा. हे खोटं नव्हतं, खरंच यायचा. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर तो ती भाषणं मोठ्या आवाजात लावायचा आणि लोकांना सांगायचा, "पैसा दिल्लीतून सरळ खात्यात. मधात कोनी नाई. माह्या जबानीवर इसवास ठेवा."

काहींनी ठेवला. त्याच्या पाठोपाठ वस्तीतली आणखी काही घरं पडली. पंचफुलाच्या नवऱ्यानं मात्र, पाहू पुढं, म्हणून टाळलं होतं.

पहिला हप्ता आला. जोतं झालं. कोणीतरी येऊन फोटो काढून गेलं. पुढचा हप्ता आला नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर वरून आला नाही म्हणाले. पंचायत समितीत विचारलं, वरून आला नाही. बुलढाण्याला गेला, तिथंही एका साहेबानं पंख्याकडं बोट केल्यासारखं करून वरूनच सांगितलं. देवानंदला तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की दिल्लीच्याही वर काय असेल. चंद्रशेखरभाऊ सुरुवातीला फोन उचलायचे. मग त्यांची बायको उचलायची. मग कोणीच उचलेना. आणि निवडणूक लागली तशी भाऊ स्वतःहून, पहाटेच्या चहाआधी, त्याला फोन करू लागले.

तरी तो फिरत होता. रोज संध्याकाळी प्रचाराच्या गाडीत चढत होता. सारिकानं एकदा विचारलं होतं, कायले जाता आता? तो म्हणाला होता, मी सोडलं तं बाकीच्यायचे हप्तेबी अडकतीन. ते अर्धंच खरं होतं. आपल्याला फसवलं हा शब्द त्यानं अजून कोणापुढं तोंडातून काढला नव्हता. एकदा काढला की वस्तीतली माणसं विचारणार होती, मग आम्हाला कोणी फसवलं?

"आजी, नीट दिसतं का तुम्हाला?" मॅडम विचारत होत्या. "हात थरथरतो तुमचा. पाहिजे तर मुलगा सोबती म्हणून बसू शकतो. तुम्ही सांगा, तो खूण करील."

देवानंद पुढं सरकला. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधी दोन निवडणुकांत त्यानंच तिला हात धरून बूथवर नेलं होतं. आत मात्र तिनं त्याला कधी येऊ दिलं नव्हतं.

"नको," जनकाबाई म्हणाली. "दिसते मले. देवा, तू तिकडं पाह्य."

तिचं मत हा घरात कधी बोलायचा विषय नव्हता. तिच्या बापानं तिला सांगितलं होतं की हे बाबासाहेबांनी दिलेलं हाय, हे मनानं द्यायचं आन् कोनाले सांगायचं नाई. तिनं ते शब्दाला धरून पाळलं. बैलजोडी निशाणीच्या काळात गावच्या पाटलानं वस्तीतल्या बायांना बूथवर न्यायला आपली दमणी, बैलांची छोटी गाडी, पाठवली, तेव्हा बाकीच्या बसल्या आणि जनकाबाई तान्हं पोर कडेवर घेऊन दमणीच्या मागं चालत गेली. बैलजोडी गेली, गायवासरू गेलं, पुढं कितीक निशाण्या आल्या. कोणत्या निशाणीवर शिक्का मारला हे तिनं सहदेवला त्याच्या मरणापर्यंत सांगितलं नाही. तो चिडायचा, मग हसायचा.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," मॅडम म्हणाल्या. पोलिसानं गल्लीतल्या माणसांना हातानंच वळवलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मॅडमनी स्वतः मान फिरवून, वाऱ्यानं पडू नये म्हणून आडोसा एका हातानं बाहेरून धरून ठेवला. जोत्यावरची सगळी माणसं रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

देवानंदही उभा राहिला. समोर पाण्याच्या टाकीवर रंगवलेलं पार्टीचं वाक्य होतं, हक्काच्या घराचं. रंग मागच्या पावसात ओघळला होता, तरी वाचता येत होतं. पाठीमागं कागदाचा आवाज आला.

त्याला आईकडून एकच पाहिजे होतं. तिनं विरोधात द्यावं. आपण जे करायला धजत नाही ते तिनं करावं. या घरातून एक तरी मत असं जावं की ज्यात ही तीन वर्षं असतील, हा गंज असेल, पंख्याकडं दाखवलेलं ते बोट असेल. ती देणारच, याची त्याला खात्री होती. जिच्या डोक्यावरचं घर पाडलं तिनं दुसरं काय करावं? त्याला वाटलं, मत देऊन झाल्यावर ती काही बोलणार नाही, पण आपल्याला कळेल. आपण हलके होऊ.

"झालं," जनकाबाई म्हणाली.

पाकीट चिकटवलं गेलं, पेटीत पडलं. तिनं कागदावर सावकाश सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली ती सही होती, प्रत्येक अक्षर वेगळं. कॅमेरावाला म्हणाला, "आजी, जरा त्या घराच्या भिंतीकडं सरकता का? मागं घर दिसलं म्हणजे फोटो बरा येतो."

"जे हाय थे घे, बापू," ती म्हणाली.

सारिकानं चहा आणला. मॅडमनी हात जोडले, ड्युटीवर चहा चालत नाही म्हणाल्या, आणि जाताना जनकाबाईच्या पायांना हात लावून गेल्या. गाडी गेली. गल्ली रिकामी झाली. पंचफुला आपल्या दारात जाऊन तांदूळ निवडायला बसली.

देवानंद बाजेच्या कडेला बसला. त्याला काही विचारायचं नव्हतं. जनकाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"तुह्याच पार्टीले देलं," ती म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोनाले?"

"तू ज्याचं सांगत फिरतं, त्याले."

समोर हापशीवर कोणीतरी पाणी भरत होतं. हापशीचा दांडा खालीवर होताना तो पाहत राहिला.

"काऊन, माय?" तो म्हणाला. "काय देलं त्यायनं तुले? हे गज देल्ले?"

"त्यायच्यासाठी नाई देलं."

"मंग?"

"तू लोकायले सांगतलं होतं ना, माह्या जबानीवर इसवास ठेवा म्हनून. तुह्या जबानीवर लोकायनं घरं पाडले. अन् तुह्या मायनंच ठेवला नाई, असं कसं होईल?"

"कोनाले समजलं असतं, माय? गुप्त असते थे."

"मले समजलं असतं."

त्यानं तोंड फिरवलं. चंद्रशेखरभाऊंनी फोन उचलणं सोडलं तेव्हा त्याला राग आला होता. बुलढाण्याहून रिकाम्या हातानं परत येताना एसटीत त्याचे डोळे भरले होते, पण तेही त्यानं खिडकीतल्या धुळीवर ढकललं होतं. आता डोळे कोरडे होते आणि हात बाजेच्या सुंभात रुतले होते. दमणीच्या मागं चालत गेलेल्या बाईनं साठ वर्षांत जो नेम कोणासाठी मोडला नव्हता तो आज त्याच्यासाठी मोडला होता. आणि ते मत जाऊन पडलं होतं चंद्रशेखरभाऊंच्याच पार्टीच्या पेटीत.

"तुह्या बापाले कधी सांगतलं नाई," जनकाबाई म्हणाली. "तुले सांगून राह्यली. हे मत तुह्यं होतं. माह्यं नोतं. आता एकडाव झालं थे. तू मातर यंदा तुह्या मनानं दे."

त्याच्या खिशातला फोन वाजला. चंद्रशेखरभाऊ होते.

"काय देवानंदराव, मायचं झालं का?"

"झालं."

"आपल्यालाच ना?"

देवानंदनं आईकडं पाहिलं. ती लुगड्याच्या सावलीत डोळे मिटून बसली होती.

"हाव," तो म्हणाला. "आपल्यालेच."

"वा. पहा, म्हातारी माणसं इमान ठेवतात. बरं, उंद्रीला सभा आहे, गाडी तुमच्याकडं येतेच आहे. माईक तुम्हीच धरायचा. घरकुलाचं तुमच्याइतकं चांगलं कोणाला सांगता येत नाही."

देवानंदनं फोन बंद केला आणि बाजेवर पालथा ठेवला.

थोड्या वेळानं गाडी आली. वस्तीच्या तोंडाशी थांबली. भोंग्यावरचं गाणं मध्येच तोडून कोणीतरी त्याचं नाव पुकारलं. देवानंदराव, असतील तिथून गाडीजवळ यावं. पुन्हा गाणं, पुन्हा नाव. समोरच्या दारांमधून माणसं बाहेर आली आणि जोत्याकडं पाहू लागली. तिथं लपायला काही नव्हतं. सगळ्यांना तो दिसत होता.

पंचफुलानं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी," ती दारातूनच म्हणाली, "तुमचं नाव घेऊन राह्यले."

"आयकू आलं वहिनी," देवानंद म्हणाला.

त्यानं उठून चपला जोत्याच्या खाली काढून ठेवल्या, परत येऊन पाय बाजेवर घेतले, आणि आईच्या पायाशी मांडी घालून बसला. भोंग्यावर त्याचं नाव आणखी एकदा आलं.