बसका आवाज

दुकानदार गुडघ्यांवर बसला. त्याने गिटारला जोडलेलं, आवाज बदलणारं आधीचं पेडल सोडवलं, दुसरं जोडलं आणि खालूनच म्हणाला, “हं, आता वाजवा.”

तिने मांडीवर आडवी ठेवलेली स्टील गिटार सावरली, डाव्या हातातला पोलादी बार तारांवर टेकवला आणि मघाचीच ओळ पुन्हा वाजवली. सूर एकदा आला, मग स्वतःच्याच मागे धावत पुन्हा आला, मग पुन्हा.

“विहिरीत पडल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली.

“लोक त्याचेच तर पैसे देतात, मॅडम.”

ती हसली नाही, तेव्हा त्याने तेही पेडल काढलं. स्टील वाजवणारं गिऱ्हाईक आपल्याकडे क्वचितच येतं, असं तो कबुलीच्या सुरात सांगत होता. बाकीच्या गिटारवाल्यांना आवाज फाडायचा असतो, तुम्हाला तो लांबवायचा असतो. फाडायची पेडलं ढिगाने मिळतात, लांबवायची कमी, आणि स्वस्तातली चांगली शोधायची म्हणजे वाळूत सुई. तरी त्याने खोक्यातून एकेक काढून टेबलावर मांडली होती. कुणाचा रंग उडालेला, कुणाचं बटण दुसऱ्याच कुठल्या यंत्राचं बसवलेलं. एकाचा दिवा लागत नव्हता, पण ते चालत होतं. एकाचा दिवा झकास लागत होता.

तिला काय हवं होतं ते तिने आल्या आल्या सांगितलं होतं. आवाज बसका येतो, घोंगडीखालून आल्यासारखा. त्याला धार हवी. पंधरा दिवसांनी रेकॉर्डिंग होतं, वाद्यवृंदाचं पहिलंच. मागच्या तालमीनंतर दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, वायरी आवरता आवरता म्हटलं होतं की तुझी स्टील ऐकूच येत नाही गं, हॉलमध्ये खपून जातं, रेकॉर्डिंगला नाही खपायचं. एखादं पेडल-बिडल बघ स्वस्तातलं. नाहीतर तुझ्या ओळी मी कीबोर्डवर काढतो, त्यात स्टील गिटारचा आवाज आहेच. वृंद दादाचा होता. कीबोर्ड दादाचा होता. तो हे रागाने म्हणाला नव्हता, आणि म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी दुकानात आली होती.

दुकानात सगळीच पेडलं तिला घरच्यापेक्षा बरी वाटत होती. हे दुकानातल्या मोठ्या अँपमुळे, आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीमुळे असणार, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून तिने आपल्या घरी आहे तसा छोटा अँप मागितला. दुकानदाराने कोपऱ्यातून एक आणला, फडक्याने पुसला आणि त्याला एक निळी डबी जोडली. डबीवर नाव नव्हतं, एकच बटण होतं.

तिने ओळ वाजवली आणि हात तिथेच थांबवला. तारेवरचा सूर पाण्यावरच्या उन्हासारखा लख्ख होता. बार वर सरकला तसा तो मधे कुठेही न अडखळता वर गेला.

“हीच,” ती म्हणाली.

“बघा. नाव नसलेल्यांचंच नशीब असतं कधीकधी,” दुकानदार म्हणाला आणि डबी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

घरी येऊन तिने निळी डबी जोडली, गिटार आणि डबीच्या मधे नेहमीप्रमाणे आपलं व्हॉल्यूम पेडल लावलं, खुर्चीत बसली आणि वाजवलं. घोंगडी जिथल्या तिथे होती.

तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग बॅटरी बदलली. शेवटी सगळं तसंच ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ ओटा पुसत राहिली. दुकानदाराने फसवलं असं तिला वाटलं नाही. तिला जे वाटलं ते तिच्या ओळखीचं होतं. दुकानात चांगलं वाजलं ते योगायोगाने, हात मुळात तिचाच वाईट.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरींच्या, टाक्यांच्या, नळांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून शेवटी तिने रोजच्या सवयीने शुद्ध पाण्याची बाटली ठेवली. त्यात काही नाही हे ठाऊक असूनही तिच्यावर बाकीच्यांवर होतात त्या सगळ्या क्रिया करायच्या. त्याशिवाय दोष पाण्यात आहे की काचेत, हे सांगता येत नाही. बाटलीला बूच लावताना तिचा हात थांबला. दुकानात तिने इतकी पेडलं वाजवून पाहिली, पण त्या छोट्या अँपवर नुसती गिटार, मधे काहीही न जोडता, एकदाही वाजवून पाहिली नव्हती.

संध्याकाळी चप्पल काढल्या काढल्या तिने गिटार मांडीवर घेतली. आधी वायर बदलली. आवाज तसाच. मग निळी डबी काढली. तसाच. मग व्हॉल्यूम पेडल काढून गिटारची वायर थेट अँपमध्ये घातली.

सूर खोलीत आला आणि खिडकीची काच हलकीशी थरथरली.

तिने पेडल पुन्हा जोडलं. घोंगडी आली. काढलं. गेली. असं तिने इतक्या वेळा केलं की शेजारणीने गॅलरीतून वाकून, काही बिघडलंय का, म्हणून विचारलं.

मग तिने दुकानदाराला फोन लावला. व्हॉल्यूम पेडल कसलं आहे, तो विचारत होता. बरंच जड, काळं, आवाज पायाने लहानमोठा करायचं, ती सांगत होती. बाबा गेले त्या वर्षी दादाने आणून दिलेलं. बाबाही स्टीलच वाजवायचे; त्यांचं जुनं पेडल खरखरायचं, ते टाकून दिलं, आणि दादाने एकसारखी दोन आणली, एक तिला आणि एक स्वतःला.

“भाऊ काय वाजवतात?”

“कीबोर्ड.”

पलीकडे तो चुकचुकला.

“मग ते कीबोर्डचं आहे, मॅडम. कीबोर्ड म्हणजे पैलवान, त्याच्या खांद्यावर पोतं दिलं तरी तो चालतो. तुमची गिटार नाजूक. पोतं दिलं तर तीही चालेल हो, पण गाणार नाही. वरचे सूर आधी जातात. पेडल वाईट नाहीये, चुकीच्या घरी दिलंय.”

“आणि ती निळी डबी?”

“तिची तुम्हाला गरजच नव्हती.”

“मग विकलीत कशाला?”

“तुम्ही ‘हीच’ म्हणालात,” तो म्हणाला. गिऱ्हाईक खूश असताना मधे बोलू नये, असं त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं म्हणे.

फोन ठेवल्यावर तिने मनाशी ठरवून टाकलं की दादाला हे माहीत नसणार. दोघांना एकसारखं आणावं, एवढंच त्याच्या मनात असेल. लहानपणी त्यांना स्वेटरही एकाच लोकरीचे असायचे. पण अँपच्या नुसत्या गुणगुणीवरून कुठली वायर सैल आहे ते दादा ओळखायचा. वहिनीचा माइक बोटभर हलला तर त्याला कळायचं. हे तिने मनातून पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं.

तालमीच्या दिवशी ती लवकर गेली. दादाच्या घराखालच्या गाडी ठेवायच्या खोलीत तालीम चालायची. गाडी कधीच विकली होती. भिंतींवर जुनी सतरंजी ठोकली होती. दादा खाली बसून वायर हाताच्या पंजा-कोपराभोवती गुंडाळत होता. तिने पिशवीतून काळं पेडल काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

“दादा, हे कीबोर्डचं आहे.”

गुंडाळणारा हात थांबला नाही. “हो.”

“तुला माहीत होतं?”

“घेतानाच सांगितलं होतं त्यांनी. गिटारला लावू नका म्हणाले.”

तो पुढे काहीतरी म्हणेल म्हणून ती उभी राहिली. विसरलो म्हणेल, स्वस्त पडलं म्हणेल. काहीही चाललं असतं.

दादाने वायरीला गाठ मारली. मग तो सांगायला लागला, तिच्याकडे न बघता, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तसा. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली होती, तेव्हाची गोष्ट. कार्यक्रम संपल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. हुबेहूब बाबा, डोळे मिटले तर बाबाच. कुणी डोळे पुसत होतं. त्यातले एक काका वळून दादाला म्हणाले, आणि तुम्ही काय करता? तो त्यांच्याच समोर सगळा वेळ कीबोर्ड वाजवून उठला होता.

“म्हणून?” ती म्हणाली.

“म्हणून काय. आणलं.” त्याने वायर खुंटीला अडकवली. “मला वाटलं, चार दिवसांत कळेल तुला. कळेल आणि भांडायला येशील. बाबांची लाडकी ना तू, कान बाबांचे. तू आलीच नाहीस.”

ती आली नव्हती. ती इतकी वर्षं घरी रियाज करत होती.

वहिनी चहाचे कप घेऊन जिना उतरली. दोघांच्या मधे ठेवलेलं पेडल तिने पायाने बाजूला सारलं, इथे काय मधेच, म्हणाली आणि कप ठेवले. रेकॉर्डिंगवाल्यांचा फोन आला होता, वेळ पक्की झाली होती. बाकीच्यांना उशीर होणार होता, तोवर आपण तिघं एक गाणं काढून घेऊ या. वहिनी गायची. खोलीत काय घडतंय ते ओळखायची घाई तिला कधी नसायची; तिने माइक चालू केला.

तिने आपली स्टील मांडीवर घेतली आणि वायर थेट अँपमध्ये घातली.

गाण्याच्या आधीची ओळ स्टीलची होती. पहिला सूर निघाला तशी वहिनीने मान वळवून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. “अगंबाई, हे काय.” दादाने कीबोर्डवरची नजर उचलली नाही.

मग वहिनी गायला लागली, आणि मधल्या जागा भरायची वेळ आली. तिने नेहमीसारखं वाजवलं. बोटांत घातलेल्या धातूच्या नख्या तारांवर टणटण वाजल्या. बार सरकला तेव्हा तार पत्र्यासारखी करकरली. वहिनीचा पुढचा शब्द हलला. तिने गिटारचा आवाज कमी केला, टणटण तेवढीच राहिली. वहिनी गाता गाता थांबली.

“ताई, जरा हळू गं. कानात जातंय.”

तिने हळू वाजवलं. पण हळू म्हणजे काय, ते हाताला ठाऊक नव्हतं. हातातलं बळ काढलं की सूर निघतच नव्हता आणि पुन्हा घातलं की टोचत होता. तिने उजव्या हाताकडे बघितलं. तो पार टोकाला, तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे बसला होता. धारेसाठी तिथवर तो केव्हा सरकला, ते तिला आठवेना. डावा हात बार असा दाबत होता की बोटाची पेरं पांढरी झाली होती. घोंगडीतून काही बाहेर पडावं म्हणून शिकलेलं सगळं हातात जसंच्या तसं होतं. घोंगडी तेवढी नव्हती.

पुन्हा एकदा झालं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा वहिनीने कानावर हात ठेवला आणि लगेच काढून केस मागे सारले.

“हात जड झालाय तुझा,” दादा म्हणाला. टोमणा नव्हता. वायर सैल आहे, हे तो ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात त्याने सांगितलं, आणि ते खरं होतं. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मग त्याने पायानेच काळं पेडल फरशीवरून तिच्याकडे सरकवलं. “रेकॉर्डिंगपुरतं हे लाव. याच्यातून नीट येतं तुझं.”

पेडल तिच्या पायाशी येऊन थांबलं. तिचा पाय आपोआप उचलला गेला आणि त्याच्यावर टेकला, इतका सवयीचा होता तो चढ. वहिनी एकदा दादाकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

तिने पाय काढला.

“माझ्या ओळी तू काढ,” ती म्हणाली.

“नक्की?”

“मला वेळ लागेल.”

किती, असं वहिनीने विचारलं. ती म्हणाली की माहीत नाही. रेकॉर्डिंग पुढे ढकलता येईल का, हे वहिनीने दादाला विचारलं. दादाने कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. स्टीलचा आवाज त्याच्याकडे कधीचाच लावून ठेवलेला होता, शोधावा लागला नाही. त्याने तिची ओळ वाजवली. गुळगुळीत, स्वच्छ, कुठे टोचणार नाही अशी. एकही सूर चुकला नाही. वहिनीने श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली.

ती उठून गेली नाही. तिने वायर काढली, बोटांतल्या नख्या एकेक उतरवून खिशात टाकल्या. उजवा हात टोकापासून उचलून तारांच्या मधोमध आणला. तिथे तो दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखा अवघडून राहिला. गाण्याचं कडवं संपलं. पुढचं सुरू होण्याआधी क्षणभर शांतता होती. तेवढ्यात तिने नुसत्या अंगठ्याने एक तार छेडली, जमेल तितकी हळू.

वायर नव्हती, तरी दोघांनी वळून बघितलं.

तिने अंगठा आणखी सैल सोडला.