नांगर बंगल्यातली तुळई

"आई गं!" म्हणत पुण्याचा पाहुणा कपाळ धरून मटकन खाली बसला. बोटांच्या फटीतून रक्त ओघळायला लागलं.

भिंतीतल्या दगडी चुलीत लाकडं रचत बसलेला नाथाजी धावला. "वाकून यायचं ओ सायेब. पाटी लावलीया की तितं."

"पाट्या वाचायला येतात का लोक इथं?" मागून मालक राजवर्धन कडाडला. "बास झालं काका. अजून किती डोकी फुटायची? सोमवारी सुतार बोलावतो. ही तुळई कापून वर घ्यायची."

नाथाजीनं मान वर करून तुळईकडं पाहिलं.

वाईचा घाट चढून आलं की झाडीत हा नांगर बंगला लागतो. कुणा इंग्रज साहेबाला आपल्या गावाची आठवण लय छळत होती म्हणे. तिकडच्या जुन्या उतारघरासारखं हुबेहूब घर त्यानं इथं बांधलं. खाली गुत्ता, वर निजायच्या खोल्या आणि दारावर नांगर रंगवलेली फळी. आता दारूच्या घरावर नांगर कशाला टांगायचा, ते त्या साहेबालाच ठाऊक! आत धुरानं काळ्या पडलेल्या ठेंगण्या तुळया, उंच पाठीची बाकं, आकड्यांना टांगलेले कथलाचे मग आणि चुलीवर ओळीनं ठोकलेले घोड्याच्या साजावरचे पितळी बिल्ले. साहेब गेला, मालक बदलत गेले. राजवर्धनही विश्रामबागेतल्या आपल्या घरून येऊन-जाऊन असायचा, पण आतल्या कशाला त्यानं हात लावला नव्हता. लोक ते जुनेपण बघायलाच तर यायचे.

नाथाजी शिराळ्याकडचा. उंचीत बसला नाही म्हणून फौजेच्या भरतीतून परत आलेला आणि मग बायकोला, राहीबाईला, घेऊन इथं चाकरीला लागलेला. ती स्वयंपाकघरात, तो चुलीपाशी. गुत्त्यातून चुलीच्या खोलीत जाताना ही तुळई आडवी यायची, पण नाथाजी तिच्याखालून ताठ मानेनं जायचा. त्याला वाकायची पाळी कधी आलीच नाही.

पोरगा अर्जुना मात्र वाढत होता. "हिला डोस्कं आपटलं की तू भरती झालास म्हनून समज," नाथाजी म्हणायचा. पोरगं रोज त्या तुळईला लोंबकळायचं. आणि एक दिवस बाहेरून पळत आलं ते धाडकन आपटलंच! कपाळावर हे एवढं टेंगूळ, आणि बापलेक खदाखदा हसतायत. राहीबाईनं दोघांच्या नावानं शिव्या घालत तेल-हळद गरम करून लावली आणि वर पोराच्या तोंडात साखर घातली.

अर्जुना फौजेत गेला. सुट्टीवर आला की दारातून थेट आत घुसायचा आणि हटकून आपटायचा. स्वयंपाकघरातून राहीबाई ओरडायची, "आला गं माझा फौजी!"

मग तिकडं वर कुठंतरी बर्फाचा कडा कोसळला. पेटी घरी आली, पण कुणी उघडू दिली नाही.

तेरावा झाल्यावर पहिल्यांदा चूल पेटवली, त्या दिवेलागणीला तुळईवर धप्प झालं. नाथाजीनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तो आत गेला तर तव्यावरची भाकरी करपत होती आणि राहीबाई तशीच उभी होती.

"आला," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज. तो आवाज ऐकल्याशिवाय ती ताटाला हात लावायची नाही. भीती? पोटच्या पोराची कसली आलीय भीती! भीती होती ती एखाद्या संध्याकाळी आवाज होणार नाही याची.

आणि आता हा राजवर्धन तुळईच कापायला निघालेला.

"आगं, तुळई ऱ्हायली न्हाई तर त्यो आपटंल कशाला?" नाथाजी रडकुंडीला आला. "आन न आपटता आला, तर आपल्याला कळंल कसं?"

राहीबाई उठली ती तडक मालकापुढं उभी राहिली. "कापू नगासा. मी गादी शिवून बांदते. मंग कुनाला लागायचं न्हाई."

अर्जुनाचं हिरवं ब्लँकेट दुमडून तिनं गादी शिवली. नाथाजीनं ती तुळईला आवळून बांधली. राजवर्धननं स्वतःचं डोकं आपटून बघितलं आणि हसून सुताराला फोन लावला, नको येऊ म्हणून.

"बरं झालं," रात्रीच्या भाकरीचं पीठ मळता मळता राहीबाई म्हणाली. "त्याला बी रोज लागतच असंल की वो." इतक्या दिवसांत आपल्याला हे सुचलं नाही, याची नाथाजीला लाज वाटली.

त्या संध्याकाळी आवाज झाला नाही.

"गादी मऊ हाय. आवाज कुटनं येनार?" नाथाजी म्हणाला.

"व्हय," राहीबाई म्हणाली. पण जेवली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. चुलीतली लाकडं तडतडायची तेवढंच. पाणी पिऊन ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. गादी सोडावी तर सुतार येणार, ठेवावी तर ही उपाशी. नाथाजीला काही सुधरेना.

त्यानंतरच्या दिवशी पाहुणे सूर्यास्त बघायला डोंगरकड्यावर गेले होते. नाथाजीनं गुत्त्यातलं स्टूल उचललं, तुळईखाली ठेवलं आणि वर चढला. गादी संपून उघडं लाकूड दिसत होतं, तिथं त्यानं हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच ती तुळई त्याच्या कपाळासमोर आली होती. त्यानं डोळे मिटले आणि कपाळ आपटलं.

डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो कसाबसा उतरला, स्टूल जागेवर ठेवलं आणि चुलीपाशी येऊन बसला.

आत ताट वाजलं. मग पाण्याचा तांब्या. राहीबाई जेवत होती. नाथाजीनं चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

जरा वेळानं ती बाहेर आली. हातात तेल-हळदीची वाटी होती, वाफ निघत असलेली. नाथाजीनं मान खाली घातली. ती त्याच्यासमोर बसली, हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि टेंगळावर हलक्या हातानं हळद लावली.

"लय लागलं का?"

"न्हाई."

"उद्या जरा हळू," ती म्हणाली, आणि उरलेली हळद ऊबदार राहावी म्हणून वाटी चुलीच्या कडेला सरकवून ठेवली.