सुरात झोपलेली तार

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नवे सोफे भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, त्या केव्हाच भरल्या. उशिरा आलेले जिन्यात बसले. समोर दोन उंच स्पीकर, त्यांच्यामागे पडदा आणि मध्ये राखाडी कोटातले एक गृहस्थ. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत.

"ही स्पीकरला जोडायची बाजारातली साधी तार," सर म्हणाले. व्हायोलिन वाजलं. स्पीकरमधून रेकॉर्डिंग होतं, बरं वाजलं. मग ते पडद्याआड गेले, मिनिटभराने बाहेर आले आणि खिशात हात घालून, डोळे मिटून उभे राहिले. "आता आपली तार."

तेच व्हायोलिन पुन्हा सुरू झालं आणि खुर्च्याखुर्च्यांतून "वा, वा" उमटलं. शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

"विजेलाही संस्कार लागतात," सर सांगू लागले. "ही तार सव्वा महिना व्हायोलिनच्या पेटीत झोपते. तांब्याचा कण न् कण सुरात येतो. मोठमोठे वादक घरी हीच लावतात. नावं सांगणार नाही, त्यांनीच मनाई केलीय."

तिसऱ्या रांगेत वडील आणि मोठ्या भावाबरोबर आलेली धाकटी बसली होती. शहराच्या वाद्यवृंदात ती चौदा वर्षं व्हायोलिन वाजवत होती. तिचं व्हायोलिन रोज तांब्याच्या तारेशिवायच पेटीत झोपत असे आणि सकाळी हमखास बेसूर होऊन उठत असे. तिला हसू आलं. पण शेजारी बघितलं आणि ते ओठांतच राहिलं.

शेजारी तिचे बाबा होते. चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, पण अलीकडे त्यांना वरचे सूर ऐकू येईनात. फोनची घंटा ऐकू येईना, नातीचं बोलणं कळेना. आता मात्र ते खुर्चीच्या टोकावर आले होते.

"आले," ते म्हणाले. "वरचे सूर आले गं."

पलीकडे बसलेल्या दादाने तिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. बाबांना इथे आणण्याची कल्पना त्याचीच.

दोन दिवसांनी धाकटी बाबांच्या घरी गेली, तर त्यांच्या कपाटावरची क्लॅरिनेटची पेटी गायब.

"सर जुनी वाद्यं घेतात आणि बदल्यात तार देतात," दादा म्हणाला. "पुढच्या रविवारी मिळेल."

"आणि कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ?"

"ती रद्द केली," बाबा म्हणाले. "कान ठीक आहेत माझे. घरातल्या स्पीकरची तार खराब होती, एवढंच."

"बाबा, फोनला कुठली तार आहे?"

"तुला माझं बरं वाटलेलं बघवत नाही का?" ते हळूच म्हणाले आणि धाकटीने चपला पायात सरकवल्या.

ती आपल्या घरी आली ती चिडूनच. पण चाकूने कांदा चिरता चिरता तिला रविवारची एक गोष्ट आठवली. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मागचे दोघे कुजबुजत बोलत होते आणि तिला शब्द न् शब्द कळत होता. दुसऱ्यांदा तेच दोघे बोलले, तेव्हा एकाला "काय?" म्हणून दुसऱ्याकडे वाकावं लागलं. वाद्यवृंदात बसणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुणीतरी आवाज वाढवला होता, फार नाही, जरासा.

पुढच्या रविवारी ती व्हायोलिनची पेटी खांद्याला लावूनच गेली. सरांची नजर पेटीवर पडली आणि ते खुलले.

"मी वादक आहे," ती म्हणाली. "आज तार मी माझ्या हाताने जोडली तर चालेल?"

"अहो, चालेल काय! ऐकलंत का मंडळी? वादकाचा हात लागणार आहे."

साधी तार ऐकवून झाल्यावर सरांची निळ्या विणीच्या आवरणाची जाडजूड तार घेऊन धाकटी पडद्याआड गेली. वादकांच्या जवळ पेन्सिल असतेच. तिने अॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या फिरत्या बटणावरून शेजारच्या पत्र्यावर जाणारी एक सरळ रेघ ओढली. दुसरं काहीही केलं नाही; आधी जोडलेली साधी तार तशीच राहू दिली. निळी तार जॅकेटच्या आत सरकवून ती बाहेर आली.

"जोडली," असं मात्र ती म्हणाली नाही. "लावा," एवढंच म्हणाली.

सरांनी खिशात हात घातला, डोळे मिटले. व्हायोलिन वाजलं. "वा, वा" झालं. "आज तर कमालच," दादा पुटपुटला. बाबा हसत होते.

तुकडा संपल्यावर धाकटीने जॅकेटची चेन उघडली आणि निळी तार सगळ्यांसमोर धरली.

"ही माझ्याजवळच होती. तुम्ही आत्ता बाजारातली साधी तार ऐकलीत."

मग तिने पडदा बाजूला केला. बटणावरची रेघ आणि पत्र्यावरची रेघ यांत आता बोटभर अंतर होतं.

"बटण आपोआप फिरलं," ती म्हणाली. "तेच सूर जरा मोठ्याने वाजले की ते मोठे वाटत नाहीत, चांगले वाटतात. माझेही कान तसेच फसतात."

"हवेतल्या लहरींमुळे कधी कधी—" सरांनी सुरुवात केली.

"सर," दादा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "उजव्या खिशात काय आहे?"

खिशातून आवाज वाढवायचा छोटा रिमोट निघाला. त्यानंतर टेबलाशी तारा परत करणाऱ्यांची रांग लागली आणि दादा क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून आला.

डोळे पुसणाऱ्या बाईंनी धाकटीला गाठलं. "मग तुम्ही वादक लोक घरी ऐकता तरी कशावर?"

"माझा फ्रिजवर एक रेडिओ आहे. आमचा ढोलवाला गाडीत ऐकतो. चेलोवाल्या बाई फोन भांड्यात उभा करतात. खरं वाद्य दिवसभर कानाशीच असतं हो. घरी आम्ही सूर कसा लावलाय ते ऐकतो, आणि ते कशावरही कळतं. चांगले स्पीकर जरूर घ्या, पण संस्कारी तार नको."

बाबा अजून खुर्चीतच होते. "म्हणजे वरचे सूर आलेच नव्हते," ते म्हणाले.

धाकटी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आले होते बाबा. आवाज वाढला, म्हणून आले. याचा अर्थ कान गेलेले नाहीत, त्यांना मदत हवी आहे. सरांनी तुमची तपासणी फुकट करून दिली, असं समजा."

बाबांनी क्लॅरिनेटची पेटी दादाकडून मांडीवर घेतली. मग दादाला म्हणाले, "डॉक्टरांची येत्या गुरुवारची वेळ मिळते का बघ."

मिळाली. कानात यंत्र बसलं तेव्हा दवाखान्याबाहेरच्या झाडावर पाखरं ओरडत होती आणि बाबा पाच मिनिटं पायरीवरून हलले नाहीत.

दादाला फसल्याची लाज वाटते. वाटू नये. कान सगळ्यांचेच फसतात, वादकांचेही. म्हणून कुणी सूर, औषध किंवा चमत्कार विकायला आला, तर त्याची नावाजलेली गिऱ्हाइकं विचारू नका. दोन्ही वस्तू सारख्याच मापाने समोर ठेवायला सांगा, कुठली कोणती ते झाकायला सांगा, आणि मग ठरवा. जो याला नकार देईल, त्याचा माल न बघताच परत करायला हरकत नाही.