डावा आरसा

"थांब तिथंच! हलू नको, सोनूबाय."

"अरे, डोक्यावर पाटी हाय माझ्या. हे बोंबील काय तुझी वाट बघत बसणार?"

"बोंबलांना आता कसली घाई? ये, दोन पावलं पुढं ये. अजून एक. हां! आता आरशातून गेलीस."

"मग? आता दिसते का न्हाय?"

"दिसतेस. डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतेस. आरशातून सुटलीस की डोळ्यात आलीस. मधी लपायला जागाच न्हाय."

वहाब खूश होऊन मोटारीतून उतरला. डाव्या दारावरच्या आरशाचा नट त्याने घट्ट पिळला आणि आरशाच्या दांडीवरची लाल रंगाची खूण तपासली. एक टिंब दांडीवर, एक आरशाच्या पाठीवर. दोन्ही टिंबं समोरासमोर आली की आरसा जागेवर आला. ही खूण त्याने स्वतः केली होती, आणि आरसाही स्वतःच मुंबईहून आणून बसवला होता. त्या काळात मोटारीला आत एक आरसा असला तरी लोकांना पुष्कळ वाटायचं. बाहेरचा, आणि तोही डाव्या बाजूचा आरसा म्हणजे नवऱ्या मुलीचा नखरा, असं नागावातले लोक म्हणत.

म्हणू देत. लढाईच्या दिवसांत वहाबने लष्करी लॉऱ्या हाकल्या होत्या, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादाने त्याच्या पाठीत गुद्दे घालून एक गोष्ट शिकवली होती. आरशात आपल्याच गाडीचं अंग दिसलं, तर तेवढ्या जागेतला माणूस गेला. म्हणून आरसा बाहेर वळवायचा, गाडीची कड नुकती दिसेनाशी होईपर्यंत. मग जवळ माणूस उभा करून बघायचं. तो माणूस म्हणजे आक्षीच्या कोळीवाड्यातली सोनूबाई. महिन्यातून एकदा, नागावात मासळी विकायला आली की वहाब तिला मोटारीभोवती फिरवायचा. ती कुरकुरायची, पण फिरायची. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मान वळवून मागचं बघता येत नाही. मागून येणाऱ्याने आपल्याला बघितलं तरच आपण वाचलो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुझ्यासारखे समदे डायवर असते ना वहाबभाय, तर आम्ही रस्त्यानं गाणी म्हणत गेलो असतो," असं म्हणून ती निघून गेली.

बावीस वर्षांत वहाबच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नव्हती. म्हसळ्याला घरी त्याची बायको हुस्नबानू होती, ईदेला तो तिकडे जायचा. बाकी वर्षभर त्याचं सगळं सुखदुःख या काळ्या मोटारीपाशी. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि उभ्या तालुक्यात खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ही नोकरी सुटली तर दुसरी कुठली मिळणार होती?

मोटारीचे मालक चांगदेवशेठ. सुपारीचे व्यापारी, दोन वाड्यांचे धनी. देवाने त्यांना सगळं दिलं होतं, फक्त पोटभर मान द्यायचा राहिला होता. मोटारीत ते मागे बसत नसत. पुढे, वहाबच्या शेजारी, काच खाली करून. मागे बसलं तर लोकांना दिसणार कसं? १९६२ साल होतं, आणि शेठ पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. मग तर त्यांना वेडच लागायचं बाकी राहिलं.

"समोरून काय, सगळेच हात जोडतात रे," ते एकदा वहाबला म्हणाले. "गाडी पुढं गेल्यावर काय करतात, ते मला बघायचंय."

असं म्हणून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आरसा आपल्याकडे फिरवला. झालं! त्या दिवसापासून त्यांना नवीनच करमणूक मिळाली. "तो बघ, हिरामण थुंकला! आत्ता रामराम केला होता चोराने." "सदानं पाठ फिरवली बघ. ठीक आहे, ठीक आहे, लक्षात ठेवतो." मागे राहिलेल्या माणसांची तोंडं बघत शेठ रस्ताभर धुमसत राहायचे, आणि वहाबला त्या आरशात दिसायची नुसती नारळाची झाडं. एकामागून एक, पळणारी.

संध्याकाळी वहाब टिंबाला टिंब लावून ठेवायचा. सकाळी शेठ फिरवायचे. असं दोन महिने चाललं. शेवटी वहाबने तोंड उघडलं.

"शेठ, तेवढा आरसा माझ्याकडं राहू द्या. डावी बाजू मला कायच दिसत न्हाय."

"डावीकडं काय दिवे लावायचेत तुला? रस्ता समोर असतो."

"माणसं बाजूनं चालतात, शेठ."

"मग भोंगा वाजव! गाडी कुणाची आहे, वहाब? तुझी का माझी?"

पण दुसऱ्या दिवशी टिंबं पुन्हा समोरासमोर होती. मतदानाला चार दिवस राहिले, त्या सकाळी मात्र शेठचा पारा चढला. मोटारीत बसता बसता त्यांनी आरसा फिरवला आणि बोट रोखून म्हणाले, "आज याला हात लावलास, तर चावी इथं ठेवायची आणि म्हसळ्याची वाट धरायची. समजलं?"

वहाबचा हात अर्ध्यावर थांबला. इथे त्याने चावी ठेवायला हवी होती. ठेवली नाही. मनात म्हणाला, चारच दिवस आहेत. मी रस्त्याच्या मधोमध चालवीन, डावीकडे जाणारच नाही. पोटासाठी माणूस स्वतःची समजूत किती सहज घालतो! नंतर कितीतरी दिवस तो क्षण आठवला की त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

आक्षीच्या कोळीवाड्याशी आल्यावर शेठ म्हणाले, "हळू घे. अजून हळू. जरा नमस्कार-चमत्कार होऊ दे."

मोटार माणसाच्या चालीने निघाली. शेठ खिडकीतून हात जोडत होते आणि लगेच आरशात डोळे घालून बघत होते. कोळणी पाट्या घेऊन निघाल्या होत्या. मोटार आणि बाया, दोघींची चाल एक. वहाब पुन्हा पुन्हा डावीकडे बघत होता, पण मधे शेठचा भला थोरला खांदा, आणि आरशात झाडं. तेवढ्यात समोरच्या वळणावरून बस आली. रस्ता एका गाडीपुरता. वहाबने भोंगा वाजवला आणि चाकं डावीकडे घेतली. हाताएवढीच घेतली असतील.

आधी पाटी पडल्याचा आवाज आला. मग किंकाळी.

वहाब उडी टाकून पलीकडे धावला. मागच्या चाकाशी सोनूबाई पडली होती. बोंबील चहूकडे विखुरले होते आणि तिचा उजवा पाय मांडीपासून भलतीकडेच वळला होता. त्याला बघून ती एवढंच म्हणाली, "वहाबभाय, तू?" दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिला एवढं नवल वाटलं नसतं.

"शेठ, दार उघडा! मागं झोपवतो हिला."

"अरे, गादी खराब होईल! बस उभी आहे ना? तिच्यात घाला."

बसमधल्या माणसांनीच तिला उचललं. वहाब बसमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि अलिबागच्या दवाखान्यात गेला. शेठ आणि मोटार तिथेच राहिले.

दुपारी फौजदार जागेवर आले. वहाबलाही बोलावून आणलं होतं. त्याने खरं ते सांगितलं. "सायब, आरसा शेठनं स्वतःकडं फिरवला होता. मला डावी बाजू दिसत नव्हती."

"मी?" चांगदेवशेठांनी कपाळाला हात लावला. "फौजदारसाहेब, मी सुपारी विकणारा माणूस. मला आरशातलं काय कळतं? हा बाईला धडक देऊन बसमधून निघून गेला, मी एकटा इथं उन्हात उभा. आणि वर माझंच नाव घेतोय!"

फौजदार शहाणे होते, कुणाच्या सांगण्यावर जाणारे नव्हते. ते स्वतः वहाबच्या जागेवर बसले. डाव्या आरशात त्यांनी नीट बघितलं, एका शिपायाला मोटारीच्या बाजूने मागून पुढे चालवलं. शिपाई आरशातून सुटला आणि त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आला.

"आरसा तर उत्तम लावलाय," ते म्हणाले. "मधे कुठंच माणूस हरवत नाही."

वहाब आरशाजवळ गेला. लाल टिंबाला लाल टिंब. केसाचासुद्धा फरक नव्हता.

त्याने शेठकडे बघितलं. शेठ दुसरीकडे बघत होते. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! खुणा कशासाठी आहेत, आरसा कुठे हवा, कुठे नको, सगळं. दोन महिने तो अडाणी नव्हता, फक्त बेपर्वा होता. वहाब संतापाने पेटला. पण त्याचाच आरसा त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता.

राहिली होती सोनूबाईची जबानी. तिसऱ्या दिवशी तिला जरा बोलता यायला लागल्यावर फौजदार दवाखान्यात गेले. वहाबही दाराशी उभा होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, बाई चालेल, पण डोक्यावर ओझं घेऊन या जन्मी नाही.

"बाई, हा ड्रायव्हर गाडी कशी चालवतो?" फौजदारांनी विचारलं.

सोनूबाई कोपरावर रेटून अर्धी उठली. "याच्यासारखा डायवर न्हाय, सायब! याला समदं दिसतं. याच्या नजरेतून मुंगी सुटत न्हाय."

"आरसा बघतो का?"

"बघतो? अहो, माझ्यावरच तर आरसा लावला यानं! गाडीभोवती मला फिरवून फिरवून. मी कुठं बी उभी राहिले तरी याला दिसतेच. देवाची आण."

"त्या दिवशीही दिसल्या असणार तुम्ही?"

"दिसणार न्हाय तर काय! मी काय याला नवीन हाय?"

फौजदारांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. बाई दिसत होती, आरसा जागेवर होता, तरीही धडक दिली. म्हणजे निव्वळ हयगय, आणि वर मालकावर खोटा आळ. त्यांनी सोनूबाईचा अंगठा घेतला आणि वहाबपुढे हात केला. वहाबने खिशातून लायसन्स काढलं. बावीस वर्षांत कडा झिजल्या होत्या, पण आत एकही शेरा नव्हता. ते त्याने फौजदारांच्या हातावर ठेवलं.

फौजदार गेल्यावर सोनूबाईने त्याला हाक मारली. बोलून बोलून तिला धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता.

"वहाबभाय, बरोबर बोलले ना रे मी? सायबापुढं माझी तर जीभच वळत नव्हती. पण म्हटलं, आपल्या माणसासाठी बोलायलाच पाहिजे. आता तुला काय करायचे न्हाईत ना ते?"

वहाब तिच्या खाटेशी आला. तिच्या पायावरून सरकलेली चादर त्याने नीट केली.

"एकदम बरोबर बोललीस, सोनूबाय," तो म्हणाला. "आता गप पडून राहा."