आधी उचला

मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला पांढरा रंग दिलेला, वर फुलझाडं लावलेला एक हातगाडा दिसतो. तो मी. माझ्याजवळ उभं राहून लोक फोटो काढतात. फुलं छान आहेत म्हणतात. खाली चाकं आहेत, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

मला एका सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांतून बनवलं. कडीचं भोक अजून माझ्या पाठीवर आहे. दार असताना माझं काम लोकांना थांबवायचं होतं. गाडा झालो आणि चालायला लागलो. मला ते फार आवडलं.

माझा मालक भाजीबाजारातला हमाल. तो सावकाश चालायचा आणि त्याहून सावकाश बोलायचा. बाजारात त्याला सगळे हळूबा म्हणत. "काय हळूबा, आज पोचणार का उद्या?" असं कोणी चिडवलं, की तो जरा विचार करून म्हणायचा, "वाटेत तू उभा नसलास तर आजच."

त्याची बायको रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. एके दिवशी ती बाजाराच्या तोंडाशीच चक्कर येऊन पडली. पन्नास माणसं जमली. कुठली आहे ही? कोणाची आहे? बरोबर कोणी नाही का? आजारी असेल, हात नका लावू. नवऱ्याला बोलवा आधी. एकाने तर आत पत्ता सापडेल म्हणून डबा उघडून पाहिला. वाईट कोणीच नव्हतं. एक जण टोपलीच्या झाकणाने तिला वारा घालत होता. पण उचललं कोणी नाही.

आम्ही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होतो. निरोप आला, हळूबाने माझ्यावरचे बटाटे तिथंच रस्त्यावर ओतले आणि तो पळाला. त्याला पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिला माझ्यावर ठेवून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तास उलटून गेला होता. डॉक्टर बाहेर गेले होते. कंपाउंडरने नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं..." आणि तिच्या अंगावर चादर ओढली.

महिनाभराने हळूबा त्या कंपाउंडरकडे गेला. मी दारात उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"कोणी पडलं की मला हाक मारायला सांगा. मी माल तिथंच टाकून येईन."

"आणि मालवाला?"

"तो ओरडेल. ओरडू दे. ओरडतो म्हणजे जिवंत आहे."

कंपाउंडर हसला नाही. त्याने खडू घेतला आणि माझ्या कडेला दोन शब्द लिहिले, आधी उचला. हळूबाला वाचता येत नव्हतं. त्याने अक्षरांवरून हात फिरवला, तर खडू बोटांना लागला. मग कंपाउंडरने तेच शब्द रंगाने लिहिले.

आज ज्या संस्थेच्या नावाच्या पाट्या गावोगावी दिसतात, ती अशी सुरू झाली. सभा नाही, भाषण नाही. एक हमाल, एक कंपाउंडर आणि मी.

आमच्याकडून चूकही झाली. एकदा भर दुपारी गोदामाचा वॉचमन झाडाखाली आडवा दिसला. तोंड उघडं, एक हात मातीत. दोघांनी त्याला उचललं आणि धावत दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सुई टोचली तसा तो उठून बसला. रात्रपाळी करून बिचारा झोपला होता.

"मेल्यांनो, माझी चप्पल कुठंय?"

"झाडाखाली राहिली," हळूबा म्हणाला.

"मला आणलंत तर चप्पल नाही आणायची? आणि एवढे धक्के खाऊनसुद्धा मी जागा कसा नाही झालो?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेलो असतो तर बरं झालं असतं, चप्पल तरी लागली नसती."

पुढे तोच वॉचमन आमच्यात आला. घंटा वाजवत माझ्यापुढे पळायचा आणि रस्ता मोकळा करायचा. म्हणायचा, "या गाड्यावर एकदा झोपलोय मी. तशी झोप पुन्हा नाही."

वॉचमनच्या त्या चुकीनंतर कंपाउंडरने एक वही केली. तीन प्रश्न ठरवले. ऐकू येतंय का? कुठं दुखतंय? घरी कोणाला कळवू? पण हळूबाने एक अट घातली. उभं राहून विचारायचं नाही. चाक फिरत असताना विचारायचं. म्हणून कंपाउंडर माझ्याबरोबर पळत पळत लिहायचा, वही माझ्या फळीवर टेकवून. रस्ता खराब असला की अक्षरं उड्या मारायची. ती वही पाहून कोणत्या गल्लीत खड्डे आहेत ते सांगता आलं असतं.

किती माणसं मी वाहिली ते मला सांगता येणार नाही. एका बाईचं बाळ माझ्यावरच जन्मलं. काही वाटेतच गेली. पण कोण, कुठली, असं विचारत कोणाला रस्त्यावर पडू दिलं नाही. दुसऱ्या बाजारातले हमाल बघायला आले, त्यांनी तसेच गाडे केले आणि कडेला तेच दोन शब्द लिहिले. मग दुसऱ्या शहरांत गेले. मग मोटारी आल्या. मग ही इमारत झाली. हळूबा तेव्हा तिच्या पायरीवर बसून नुसता बघत राहिला होता.

कंपाउंडर गेला. वॉचमन गेला. वही राहिली. कोणी तरी ती छापली. छापताना अक्षरं सरळ झाली आणि ती पळत पळत लिहिली होती हे कागदावरून कळेनासं झालं. तीन प्रश्नांचे दहा झाले, दहाचे चाळीस. कागद ठेवायला दाराशी टेबल आलं. टेबलाला चाकं नसतात.

संस्थेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा साहेब लोक मला मागायला आले. हळूबा थकला होता, त्याने आनंदाने दिलं. मला धुतलं, पुसलं, पुढच्या डाव्या चाकाला शेवटचं तेल घातलं. "तू पण दमलास. बस आता," म्हणाला. गवंडी माझ्या चाकांभोवती सिमेंट ओतत होता तेव्हा हळूबाच त्याला म्हणाला, "घट्ट बसव बाबा. नाही तर कोणी ढकलत नेईल."

ते वाक्य त्याला पुढे किती छळणार होतं, ते तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तो रोज सकाळी यायचा आणि माझ्या दांडीला टेकून बसायचा. फाटकाबाहेरची चहावाली त्याला चहा आणून द्यायची. "मामा, आज गाडा कुठवर नेलात?" असं रोज विचारायची. तो रोज म्हणायचा, "आज त्याला सुट्टी आहे."

चार महिन्यांपूर्वी ती चहाचा कप घेऊन आली आणि माझ्या पुढ्यातच कोसळली. कप फुटला. इथून दवाखान्याचं दार दोनशे पावलांवर आहे. हळूबा तिथवर गेला, जमेल तेवढं भराभर. तिथलं बोलणं त्याने मला नंतर सांगितलं.

टेबलावरचा मुलगा म्हणाला, "नाव काय पेशंटचं?"

"चहावाली. आधी उचला, मग विचारा."

"आजोबा, नोंद झाल्याशिवाय स्ट्रेचर बाहेर काढता येत नाही. नियम आहे. वय? जवळचं कोण आहे त्यांचं?"

"तो नियम आमचाच आहे. पण तो असा नव्हता."

"तुम्ही कोण?"

हळूबा म्हणाला, "हमाल."

तो परत आला. तिच्याभोवती माणसं जमली होती. कोण आहे ही? बरोबर कोणी नाही का? हात नका लावू, उगाच आपल्यावर यायचं. तेच सगळं, तसंच. हळूबाने तिला उचलून पाहिलं, त्याच्याने उचलवेना. मग त्याने माझ्यावरच्या कुंड्या ढकलून दिल्या, दांडी धरली आणि ओढायला लागला. त्याचे तळवे नेहमीच्या जागी बसले. मी सगळा जोर लावला. लाकूड करकरलं. चाकं हलली नाहीत. लोक त्याच्याकडे बघत होते. एक जण म्हणाला, "आजोबा, तो शोभेचा आहे."

स्ट्रेचर आलं तोवर तास झाला होता. त्या तासाची लांबी आम्हा दोघांनाही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून तो एक गंजका खिळा आणायला लागला. माझ्या पुढच्या डाव्या चाकाशी बसून सिमेंट खरवडायचा. दिवसाला चिमूटभर पूड निघायची. फाटकावरचा शिपाई हटकायचा, "आजोबा, काय करताय?" तो म्हणायचा, "चूक दुरुस्त करतोय." तीन महिन्यांत दोन बोटं मावतील एवढी खळगी झाली. असे चार चाकांना किती महिने लागतील, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

महिना झाला, तो आलेला नाही. त्याला कोणी उचललं का, का विचारत बसले, मला समजायला मार्ग नाही. खिळा माझ्या चाकाशी पडून आहे.

आज रंगारी आले होते. मला पुन्हा पांढरा रंग दिला, कुंड्या नीट मांडल्या. कडेच्या दोन शब्दांवर एक वेल सोडला. माझ्या फळ्या खालून कुजल्या आहेत, ते रंगाखाली दिसत नाही. जाताना एकाला ती खळगी दिसली. "उंदरांनी पोखरलंय," म्हणाला, आणि त्याने थापी भरून सिमेंट लावलं.

तुम्ही इथून जात असाल तर ऐका. ते सिमेंट अजून ओलं आहे. खिळासुद्धा लागणार नाही, बोटाने निघेल. संध्याकाळपर्यंत वाळेल.