पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

उदगीरच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या त्या लोणच्याच्या कारखान्यात बायका सकाळी येत, चपला दाराबाहेर काढत, डोक्याला टोपी चढवत आणि कैऱ्यांच्या ढिगाला भिडत. मे महिना, कैरीचे दिवस. उसंत नसायची, तरी तोंडं काही थांबायची नाहीत. गौरम्मा तेवढी बोलत नसे. कोपऱ्यात बसून ती बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवी. एक झाली की दुसरी. कुणी चहा दिला तर पिई, नाही दिला तर तिला त्याची आठवणही होत नसे.

तिच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं, नुसती विभूती होती. नवरा टेम्पो चालवायचा. धडधाकट माणूस, छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच गेला. लोक म्हणाले, रड बाई, मोकळी हो. तिला रडूच येईना. दात काढताना सुई टोचली की गाल होतो, तसं आतलं सगळं बधिर होऊन गेलं होतं.

चिठ्ठ्या चिकटवणं हे खरं तिचं काम नव्हे. ती लोणचं कालवणारी. मालकांची शिकलेली सून भार्गवी कारभार बघू लागली, तेव्हा तिनं सगळ्या बायकांना एकत्र बसवून विचारलं होतं, तुमची अडचण काय? बाकीच्या लाजल्या. गौरम्मा म्हणाली, कालवून कालवून खांदे जातात, आणि ओल्या फरशीवरून उकळतं तेल उचलून न्यावं लागतं, एखादी पडंल. त्यातून पंपानं तेल सोडणारं, लोणचं कालवणारं ते यंत्र आलं. ते शिकवायला आलेल्या माणसानं गौरम्मालाच शिकवलं. "नुसतं यंत्र आणून भागत नाही, माणसं बदलावी लागतात, कामाची पद्धत बदलावी लागते," असं भार्गवी दर बैठकीत सांगायची, आणि मनापासून सांगायची.

दुखवट्यानंतर गौरम्मा कामावर परतली, तेव्हा बायकांची मुकादम नागम्मा तिला बाजूला घेऊन म्हणाली, "गौरे, रागाला येऊ नको. लोनच्याचं काम हाय. मोकळ्या कपाळाच्या बाईचा हात लागला की नासतंय म्हनायल्यात बायका. वरीसभर दम धर."

"बरं," गौरम्मा म्हणाली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही.

गोष्ट भार्गवीच्या कानावर गेली. ती नागम्माला म्हणाली, "हा तुमचा आपसातला प्रश्न आहे. मी मध्ये पडले तर ऐन हंगामात सगळ्या घरी बसतील." मग तिनं एक तोड काढली आणि त्या तोडीवर ती खूशही झाली. यंत्राभोवती फरशीवर पिवळी पट्टी मारलेली होती. हातमोजे आणि टोपी घातल्याशिवाय आत जायचं नाही, अशी स्वच्छतेची ती खूण. आता गौरम्मानं पट्टीच्या अलीकडे उभं राहून तोंडानं सांगायचं, आणि मागच्या वर्षी लग्न झालेल्या मंजुश्रीनं पलीकडे हातानं करायचं. यंत्र नवं आलं होतं, सोवळंओवळं मात्र जुनंच राहिलं, आणि आता त्याला फरशीवर मारलेली रेघही मिळाली.

तसं काम सुरू झालं. "मंजू, मोहरी टाक." मंजू टाकायची. "आता तेल सोड. हळू." मंजू सोडायची. बोलणारी एक, हात दुसरीचे.

एका दिवशी तेलाच्या नळीचा जोड सुटला. मोहरीच्या भांड्यात पडायचं ते गरम तेल फुसकन बाहेर उसळलं. पंप बंद करायचं लाल बटण गौरम्माच्या समोरच होतं, हात लांबवला की पोचेल एवढं जवळ. तिचा हात उठलाही. आणि पट्टीच्या वर आला तसा थांबला. नागम्मा ओरडत धावली, तिनं बटण दाबलं, पण तोवर मंजुश्रीचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

बायका म्हणाल्या, गौरम्माची सावली पडली. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरम्मा सरकारी दवाखान्यात गेली. मंजुश्री पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवून पडली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"गौराक्का, बटन तुमच्याजवळच हुतं न्हवं?"

"हाव."

"मग?"

गौरम्मानं आपल्या हाताकडे पाहिलं. तिचा हात कुणी धरला नव्हता. तो आपणहून थांबला होता. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि ती शरम होती.

तिथून ती सरळ कारखान्यात गेली. जोड दुरुस्त झाला होता. तिनं टोपी घातली, हातमोजे चढवले आणि पट्टी ओलांडली.

"कुठं चाललीस गं?" नागम्मानं विचारलं.

"कामाला."

भार्गवी धावत आली. "गौराक्का, आज नको. बायका आधीच घाबरल्यात."

"ताई, तुमी अडचन इचारली, मी सांगितली, तुमी यंत्र आनलं. आता मीच अडचन असंल तर तसं तोंडावर सांगा, मी घरी जाते. पन अलीकडं हुबारून सांगायचं काम मी करनार न्हाई." गौरम्माचा आवाज चढला नव्हता. "पोरीचा हात भाजला तो माझ्या सावलीनं न्हाई. मी थांबले म्हनून भाजला."

नागम्मानं भार्गवीकडे पाहिलं, भार्गवीनं नागम्माकडे. इतके दिवस दोघी एकमेकींवर ढकलत आल्या होत्या. जा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. गौरम्मानं यंत्र सुरू केलं. काही बायका उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या, काही मान खाली घालून कैऱ्या चिरत राहिल्या.

लोणचं बरण्यांत भरून झालं, तेव्हा भार्गवी हळूच म्हणाली, "ह्या बरण्या सध्या वेगळ्या ठेवा. बघू."

बरण्या भिंतीशी मांडल्या आहेत. गौरम्मा रोज येते, पट्टी ओलांडते, यंत्र चालवते, आणि त्या रांगेत आणखी बरण्या येऊन उभ्या राहतात. बायका येता-जाता काचेतून बुरशी आली का ते बघतात. बुरशी आलेली नाही. तेल वर तरंगतंय, फोडींचा रंग तसाच आहे, आणि हे नागम्माला दिसतं तसं भार्गवीलाही दिसतं. तरी जेवणाच्या सुट्टीत भाकरीबरोबर खायला त्यातली एक फोड अजून कुणी उचललेली नाही.

तुम्ही उचलली असती?