आधी राहून पाह

जबलपूरच्या एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा तिघी बसायच्या. विनता, पूर्णिमा आणि सगळ्यांत धाकटी वसुधा गद्रे. नवरा अचानक गेला आणि त्याच्या जागी वसुधाला नोकरी मिळाली. तिची यशश्री तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. सासरे भय्यासाहेब वसुधाला दीक्षितपुऱ्यातल्या घरून स्कूटरवर फाटकापर्यंत सोडून देत आणि ती आत दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत.

पहिल्या दिवशी कानाला फोन लावून ती नुसतीच बसली होती. पलीकडून कोणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होतं आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. विनताताईंनी तो फोन आपल्याकडे घेतला, बोलणं संपवलं आणि म्हणाल्या, “रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. थोड्या वेळानं साहेब लोकांचे फोन सुरू होतात.”

वसुधा रडली, आणि मग कामाला लागली.

हिवाळ्यात दुपारी तिघी मागच्या पायऱ्यांवर उन्हात डबे उघडत. पूर्णिमा पदरात उकडलेले शिंगाडे घेऊन यायची. नुसत्या आवाजावरून आज कोणत्या साहेबाचं घरी भांडण झालं ते ती सांगायची, आणि दोघी हसून हसून लोळायच्या. पुढे एक्स्चेंज बंद झालं, तिघी वेगवेगळ्या ऑफिसांत गेल्या, तरी जेवायला त्या पायऱ्यांवरच जमायच्या.

पूर्णिमानं लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती जबलपूरच्या गढा भागातलं घर विकून रायपूरला भाच्याकडे राहायला गेली. दोन वर्षांत तिथेच वारली. तोवर रोज दुपारी विनताताईंना तिचा फोन यायचा. “इथे सगळे चांगले आहेत गं,” एवढंच ती म्हणायची.

पूर्णिमा गेल्यावर विनताताईंनी सराफ्यातल्या आपल्या घरी रविवारची बैठक सुरू केली. निवृत्तीला आलेल्या बाया यायच्या. कोणी रेल्वेतली, कोणी शाळेतली. पेन्शनचं खातं स्वतःच्या नावानं कसं ठेवायचं, वारस कोणाला नेमायचं, दवाखान्याचं कार्ड कधी करायचं, हे सगळं त्या समजावून सांगायच्या. वसुधाची निवृत्ती वर्षावर आली, तशी तीही जाऊन बसली.

“माझं तर ठरलं आहे, दीदी,” ती म्हणाली. “घर विकून पुण्याला यशश्रीकडे जाते. ती केव्हाची मागे लागली आहे.”

“पुण्याला जास्तीत जास्त किती दिवस राहिली आहेस?”

“चार-पाच. सुट्टी कुठे मिळते?”

“सुट्टी तर तुझी ढीगभर साचली आहे. दोन महिने घे, जा, आधी राहून पाह. घर काय, नंतरही विकता येतं.” मग त्या म्हणाल्या, “पूर्णिमाला तिथे कोणी वाईट वागवलं नाही, वसुधा. पण तिला तिथे ओळखत कोण होतं? हे तिला जायच्या आधी मी सांगायला हवं होतं. माझ्या ध्यानातच नाही आलं.”

वसुधा पुण्याला गेली. लेकीनं तिच्यासाठी खोली सजवली होती. जावई दोन्ही वेळा विचारपूस करायचा. पण ती दोघं सकाळी कामावर गेली की बाराव्या मजल्यावर तिला करायला काही उरत नसे. खाली बागेत बायकांचा घोळका बसायचा. तिथे एकदा तिनं विचारलं, “तुम्ही आज काहून नाही फिरून राहिल्या?” त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीनं प्रेमानंच विचारलं, “तुम्ही मूळच्या हिंदी का?”

वसुधाला गंमत वाटली आणि मग एकदम उदास वाटलं. जबलपूरला भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे तिला ‘मराठीवाली दीदी’ म्हणत. इथे मराठी माणसांत येऊन ती हिंदी ठरली होती.

त्या संध्याकाळी यशश्री घरी आली, तेव्हा आई गॅलरीत फोनवर बोलत होती. पलीकडे दीक्षितपुऱ्यातली शेजारीण होती. “अच्छा, फिर क्या हुआ?” असं म्हणत आई मोठ्यानं हसत होती. यशश्री दारातच थांबली. लहानपणी कारखान्यात आईला आणायला जायची, तेव्हा त्या पायऱ्यांवरून असंच हसू ऐकू यायचं.

फोन झाल्यावर ती आईजवळ येऊन बसली. “तू इथे पाहुण्यासारखी राहून राहिलीस, आई.”

वसुधाचे डोळे भरून आले. “तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“वाईट तर वाटतंच आहे,” यशश्री म्हणाली. “पण घर नको विकू. तिथला भय्यासाहेबांचा झोपाळा घरासकट विकला गेलेला मलाही नाही पाहवणार. उन्हाळ्यात इकडे ये, दिवाळीला मी तिकडे येते. पुढे तुझ्यानं एकटीनं होईनासं झालं, तर तेव्हा पुन्हा बसून बोलू.”

“तेव्हा मी नाही म्हटलं तर?”

“तर विनतामावशीला मध्ये घालीन.”

परत आल्यावर वसुधानं वरच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आणि शाळेत नव्यानं लागलेल्या सलोनी नावाच्या मास्तरणीला भाड्यानं दिल्या. खात्याचं, वारसाचं, दवाखान्याचं सगळं विनताताईंनी शेजारी बसून करून घेतलं.

निरोप समारंभाला यशश्री आली होती. वसुधाला बोलायला उभं केलं, पण तिनं दोनच वाक्यांत आभार मानले आणि खाली बसली. बाहेर पडल्यावर मायलेकी आणि विनताताई अशा तिघी रिक्षानं निघाल्या. वाटेत विनताताईंनी रिक्षा थांबवायला लावली आणि खव्याची गरमागरम जिलेबी आणवली.

“डॉक्टरनं तुम्हाला गोड बंद केलं आहे ना, मावशी?” यशश्रीनं विचारलं.

“केलं आहे. तू आपली गपचूप खा,” विनताताई म्हणाल्या आणि त्यांनी पुडा वसुधापुढे धरला. मावळतीच्या उन्हात वसुधानं सावकाश एक जिलेबी संपवली आणि दुसरीला हात घातला. घरी जायची तिला घाई नव्हती.